श्रुतिकेतून सुटलेल्या मुलीला

प्रिय मुली,

सिनेमा मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. पण तुझं एक वाक्य अजून टोचतंय. "ताई, रेडिओवरच्या श्रुतिकांमधून सुटले एकदाची." तो काय तुरुंग होता का गं?

मर्सिडीज मॅकेम्ब्रिज नावाची एक अमेरिकन नटी होती. शिकागोत कॉलेजात असतानाच ती एनबीसी रेडिओवर बोलायला लागली. भयकथा, रहस्यमालिका, कौटुंबिक मालिका, येईल ते केलं. नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तिला जगातली सर्वश्रेष्ठ रेडिओ अभिनेत्री म्हणायचा. १९४९ साली 'ऑल द किंग्ज मेन' हा तिचा पहिला चित्रपट आला आणि त्यातल्या कामाला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. पहिल्याच चित्रपटाला! त्यामागची रेडिओची वर्षं कोण मोजतो?

आता तुझं. स्टुडिओत आपण डोळ्यांतलं पाणीसुद्धा आवाजात आणतो. कॅमेऱ्याला ते दिसतंच, वर तू गळाही भरून आणलास तर रडारड होईल. आवाज निम्मा ठेव. हातांचं मात्र अवघड आहे. माइकसमोर संहितेचं पान वाजू नये म्हणून कोपरा धरून ते अलगद खाली सोडायचं, एवढंच त्यांना येतं. पहिल्या दिवशी ते कुठे ठेवावेत हे तुला कळणार नाही. पदराशी चाळा करू नकोस. निवडायला भाजी माग, घडी घालायला कपडे माग.

आणि नावाचं बघ. 'सॉरी, राँग नंबर' ही नभोनाटिका १९४३ साली अ‍ॅग्नेस मूरहेडनं गाजवली. अर्धा तास, अंथरुणाला खिळलेली बाई आणि एक टेलिफोन. १९४८ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका बार्बरा स्टॅनविकला गेली. तोवर मूरहेडही चित्रपटांत मुरलेली होती, तरीही. आवाज तिचा गाजला, चेहरा दुसरीचा लागला.

मॅकेम्ब्रिजचं तर त्याहून विचित्र. 'द एक्झॉर्सिस्ट'मध्ये (१९७३) त्या लहान मुलीच्या तोंडून जो सैतान बोलतो, तो आवाज हिचा. त्यासाठी कच्ची अंडी गिळली, सिगारेटी ओढल्या, खुर्चीला बांधून घेतलं. आणि सुरुवातीच्या प्रतींवर तिचं नावच नव्हतं! कलाकारांच्या संघटनेला मध्ये घालून, भांडून तिनं ते लावून घेतलं.

मी नाही भांडले. एका चित्रपटात नायिकेच्या आईचं सगळं बोलणं माझं होतं. थिएटरात दिवे लागेपर्यंत श्रेयनामावली वाचत बसले, चहावाल्यापर्यंत सगळे होते. घरी येऊन भात लावला. विचारायचीसुद्धा लाज वाटली, याचा राग अजून येतो.

तुझ्या करारात डबिंग कोण करणार ते लिहिलंय का? तुझा आवाज काढून दुसरीचा घालायचा हक्क कुणी ठेवलाय का? आणि तुझा आवाज दुसरीकडे वापरायचा झाला तर? शनिवारी कागद घेऊन ये, चष्मा लावून एकेक कलम बघू.

रविवारचं रेकॉर्डिंग रद्द केलं नसशील तर करू नकोस. त्या सासूच्या भूमिकेला मला दुसरं कुणी सापडत नाहीये.

तुझी,
ताई