हत्तीची ‘देहोपस्थिती’

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी हत्तिणीसाठी ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ याचिका (डांबून ठेवलेल्याला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) झाली होती. हा शब्द हत्तीला चालतो का?

चालतो. मुळातल्या लॅटिन ‘हेबियस कॉर्पस’मध्ये ना बंदी आहे ना माणूस, नुसता देह आहे. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद ३२मध्ये ‘देहोपस्थिती’ आहे, तो मुळाला जास्त धरून आहे. ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ हा हिंदी पाठातला शब्द; त्यात बंदी म्हणजे कैदी. दारूबंदी-नाकेबंदीला सरावलेल्या मराठी कानाला तो बुचकळ्यात टाकतो.

खरं घोडं अडलं ते ‘पर्सन’पाशी. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पीठाने १४ जून २०२२ रोजी ५ विरुद्ध २ मतांनी हॅपीची याचिका फेटाळली, कारण हत्ती कायद्याने ‘पर्सन’ नाही. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये पाच हत्तिणींच्या बाबतीत तेच केलं. याचं मराठी ‘हत्ती माणूस नाही’ असं केलं की सगळा वादच हास्यास्पद होतो. हत्तीला माणूस कुणीच म्हणत नव्हतं! इथे ‘व्यक्ती’च हवं: कायद्यापुढे स्वतःचे हक्क असलेलं कुणीही. आपल्या १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात कंपनी ‘व्यक्ती’ आहे, देवळातली मूर्तीही न्यायालयांनी व्यक्ती मानली आहे. म्हणजे देवस्थानच्या हत्तीपुरतं बोलायचं तर मूर्ती व्यक्ती आणि हत्ती मालमत्ता.

‘पाळीव हत्ती’ मात्र टाळावा. पाळीव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ पैदास होऊन बदललेला, गायीसारखा. हत्ती माणसाळवला जातो, तोही एकेक. १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या ‘कॅप्टिव्ह’ या संज्ञेला ‘बंदिस्त’ हा शब्द जवळचा आहे.

‘सुटका’ही जपून वापरावा. हॅपीला अभयारण्यात न्या, एवढीच मागणी होती. एका बंदिवासातून दुसऱ्या बंदिवासात जाणं म्हणजे मुक्तता नव्हे, हेही बहुमताच्या निकालात आलं आहे. जुलै २०२५मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा बाजू पाहून कुणी ‘सुटका’ लिहिलं, कुणी ‘पळवली’. नेमका शब्द ‘स्थलांतर’. ‘हस्तांतरण’ निराळं, त्यात ताबा किंवा मालकी बदलते. वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने मालकी प्रमाणपत्र असलेला हत्ती धार्मिक ‘किंवा अन्य’ कारणासाठी हस्तांतरित करायची वाट मोकळी केली, ती याच अर्थाने.