आईच्या साड्या, आजोबांची खुर्ची

प्रश्न : आई जाऊन चार महिने झाले. मैत्रीण म्हणते, चित्रं काढ, मन मोकळं होईल. पण मला साधी झोपडीही काढता येत नाही.

मग झोपडी काढूच नका. आईचं साड्यांचं कपाट उघडलंत का? बहुतेक जणी टाळतात. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची रीत आपल्याकडे आहेच. धावदोरा येत असला की झालं. पहिल्या दिवशी एकच साडी बाहेर काढा. पुढे चार-सहा साड्या नुसत्या जमिनीवर मांडा. कुठली कुणाशेजारी हे ठरायला दिवस जातात, जाऊ द्या. कात्रीची घाई नको, कापलेली साडी परत मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी आईच्या रोजच्या सुती साडीवरचा हळदीचा डाग मुद्दाम मधोमध घेतला. "पैठणी काठाला गेली," म्हणाल्या.

प्रश्न : आजोबा गेल्यापासून आमचा आठ वर्षांचा मुलगा फक्त काळ्या खडूनं चित्रं काढतो. काळजी वाटते.

आधी खडूंचा डबा बघा. धड उरलेला तोच एक खडू असेल! काळा म्हणजे निराशा, असं काही नसतं. "हे काय काढलंस?" असं विचारण्याऐवजी "मला सांग ना याच्याबद्दल" म्हणा आणि गप्प बसा. खुर्ची रिकामी काढली असेल, तर तिच्यात आजोबा बसवायला जाऊ नका. मोठ्यांना हा मोह फार. "आजोबा झोपलेत" असं सांगितलं असेल, तर ते मात्र दुरुस्त करा, नाहीतर पोरं झोपायला घाबरतात. झोप, जेवण, शाळा काही आठवडे बिघडलेलीच राहिली, तर समुपदेशकांना भेटा. चित्रावरून ठरवू नका, वागण्यावरून ठरवा.

प्रश्न : भावाच्या अपघाताला दोन वर्षं झाली. मी अजून त्याची मोटरसायकलच काढतो. घरचे म्हणतात, आता पुरे.

जर्मन चित्रकार-शिल्पकार केटे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियमच्या रणांगणावर मारला गेला. त्याचं स्मारक घडवायला त्यांनी घेतलं, मध्ये सोडलं, पुन्हा धरलं. ते उभं राहिलं १९३२ मध्ये. सुरुवातीच्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगा होता. शेवटी उरले फक्त गुडघे टेकलेले आईबाप. तेव्हा दोन वर्षांचं काय घेऊन बसलात?

पण एक करा. दहा चित्रं तारखेनं भिंतीशी लावा. कोन, रस्ता, उजेड, काही बदलतंय का? बदलत असेल तर खुशाल काढा. अपघाताचाच क्षण परत परत येत असेल, काढताना छाती धडधडत असेल, तर एकट्यानं काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : अशी चित्रं स्टेटसला टाकावीत का?

आठवडाभर थांबून टाका. "खूप सुंदर" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं, तेवढं आधी ठरवून ठेवा.