बोल्टच्या दांड्याखाली 'इशापूर' निघालं

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत स्वस्तात मिळालेली तुमची जुनी .४१० शॉटगन दिसायला लष्करी रायफलीसारखी का आहे, ती मूळची कुठली, आणि दुरुस्तीला हात कुठून घालावा. हेच कोडं घेऊन मी पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या तळघरात एक अख्खा हिवाळा काढलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासा. मग सँडपेपर घरात असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून या. मी मनापासून सांगतोय. या बंदुकीचा सगळा इतिहास तिच्या मळक्या पृष्ठभागावर असतो आणि तो एका दुपारीत घासून निघून जातो.

मला विकणाऱ्याने 'जुनी ब्रिटिश शॉटगन' एवढंच सांगितलं होतं. काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता जिथे पोलादी गळ्यात बसतो, तिथे काळ्या रंगाचा जाड थर होता. तेलाच्या फडक्याने हळूहळू पुसत गेलो तेव्हा आधी मुकुट दिसला, त्याखाली जी. आर. आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, आणि मग 'इशापूर' आणि १९४२. मी खुर्चीवर बसलो. हुगळीच्या काठचं इशापूर! तिथे १७८७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला आणि त्याच जागी १९०४ मध्ये रायफल कारखाना उभा राहिला. माझ्या हातात होती ती आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री, पोलीस परेडला लहानपणी पाहिलेली. फक्त नळी वेगळी.

नळीत बॅटरी धरून पाहिलं तर गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा नव्हत्याच, आत गुळगुळीत. मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवलेला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. आणि नळीवर दुसरा शिक्का: आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, सोबत सारनाथचे सिंह. रायफल म्हणून जन्म इंग्रजांच्या काळात, मस्केट, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणून दुसरा जन्म प्रजासत्ताकात. ही .४१० मस्केट. पहारेकरी, तुरुंगरक्षक, पोलीस यांना देण्यासाठी .३०३ रायफलीवरून केलेली.

असं का करायचं? याचं मूळ १८५७ मध्ये आहे. ज्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून उठावाची ठिणगी पडली, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पण आतून गुळगुळीत बंदुका त्यानंतर देशी पलटणींसाठी बनवल्या. दिसायला तीच, पल्ला आणि नेम मात्र कमी. हिंदी माणसाच्या हातात गोऱ्या शिपायाच्या तोडीचं हत्यार नको, हा तो विचार. .४१० मस्केट त्याच वाटेवरची. चोरीला गेली तरी लष्करी गोळी तिच्यातून धड उडणार नाही, ही त्यातली सोय. स्वातंत्र्यानंतर आपणही ती सोय चालू ठेवली, हे नळीवरचे सिंह पाहताना मला बराच वेळ खुपत राहिलं.

आता तुमच्या कामाची, आणि सुरक्षेची, मुख्य गोष्ट. मूळ मस्केटचं काडतूस .३०३ च्याच पितळी नळकांड्याचं, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेलं. बाजारातलं .४१० चं काडतूस त्यापेक्षा किंचित जाड, त्यामुळे मूळ चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, ते बसत नाही. अमेरिकेत आलेल्या अनेक मस्केटचं चेंबर पुढे कुणीतरी रुंद केलेलं असतं. तुमचं कोणतं, हे अंदाजाने ठरवू नका. मी एका बंदूक-कारागिराकडून सहज वितळणाऱ्या मिश्रधातूचा साचा चेंबरमध्ये ओतून घेतला आणि मोजला, तेव्हा कळलं की माझं अजून मूळचंच आहे. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे किती जागा उरते तेही त्याच्याकडूनच मोजून घ्या. आणि .३०३ ची गोळी 'आत जाते' म्हणून कधीही घालू नका.

खोलताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. दस्ता आतून एका लांब बोल्टने (हा काडतूस ढकलणारा बोल्ट नव्हे) आवळलेला असतो आणि त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्र्याच्या खाचेत अडकतं. पुढचं लाकूड न उतरवता तो बोल्ट फिरवलात की लाकूड मागून चिरतं. म्हणून आधी नळीवरचं लाकडी आच्छादन, मग पुढचं लाकूड आणि शेवटी दस्ता. पुढच्या लाकडातून आडवा आरपार गेलेला स्क्रू दिसला तर तो कुणाचा जुगाड समजून काढू नका. भारतात वापरलेल्या रायफलींना लाकूड फाटू नये म्हणून तो घालत, आणि तुमच्यासाठी तो ओळखीचा पुरावाच आहे.

लाकूड तेलाने काळं पडलेलं असेल तर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका. दोन-तीनदा केलं की तेल वर येतं. लाकडाला पडलेल्या पोच्यांवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवा, लाकूड फुगून वर येतं. मग अळशीचं कच्चं तेल, अगदी थोडं, तळहाताने चोळून, मध्ये दिवस जाऊ देत. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. अशाच सावकाश पुसण्यात माझ्या दस्त्यावर पांढऱ्या रंगातला फिकट आकडा निघाला, कुठल्यातरी चौकीतल्या रॅकचा असावा. तो मी तसाच ठेवलाय.

लोखंडाला बारीकातली बारीक स्टील वूल आणि तेल पुरे. गंज जाऊ द्या, जुना काळा रंग राहू द्या. तोही भारतातल्या कार्यशाळांनी दिलेला आहे.

भारतातून कुणी वाचत असेल तर: तिथे हत्यार बाळगायलाच नव्हे, दुरुस्त करायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा हे घरी करू नका.

तुम्ही आज फक्त एवढं करा. बोल्टचा दांडा वर उचला, खालचा पोलादी गळा तेलाच्या फडक्याने पुसा, आणि मुकुट दिसतो की सिंह, साल कोणतं, ते मला इथेच कळवा.