साडेसात म्हणजे नेमकं किती?

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला: नव्या अल्बमना इंटरनेटवर मिळणारे गुण. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून चारच पत्रं घेते आहे. लांब पत्रं थोडी कापली आहेत, पत्रलेखकांनी समजून घ्यावं.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री हॉस्टेलवर हेडफोन लावून इंग्रजी अल्बम ऐकतो. परवा एक अल्बम इतका आवडला की सलग तीनदा ऐकला. मग पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या अमेरिकन संकेतस्थळावर बघितलं तर दहापैकी ६.४! तेव्हापासून तो लावावासाच वाटत नाही. रूममेट म्हणतो, तुझा कानच कच्चा. ६.४ आणि ६.८ मध्ये असा काय फरक असतो? आणि हे ठरवतं कोण? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आधी तो अल्बम आज रात्री पुन्हा लाव. मग पुढचं वाच.

तुझा ६.४ वाचून मला दुसरा एक ६.४ आठवला. २००१ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा ‘डिस्कव्हरी’ आला, तेव्हा पिचफोर्कनं त्याला नेमके ६.४ दिले होते. पुढे २०२१ मध्ये, पंचविशीच्या निमित्तानं, पिचफोर्कनं आपल्याच काही जुन्या परीक्षणांचे आकडे बदलून जाहीर केले. त्यात या ६.४ चे झाले १०. मधल्या वीस वर्षांत त्या अल्बममधला एक सूरसुद्धा बदललेला नव्हता. त्याच यादीत लिझ फेअर या गायिकेचा २००३ चा अल्बम होता. त्याला आधी मिळाले होते ०.०, म्हणजे सपशेल शून्य. ते झाले ६.०. शून्य देणाऱ्या समीक्षकानं तर २०१९ मध्येच तिची जाहीर माफी मागितली होती. तिनं ती मोठ्या मनानं स्वीकारली, पण मधली सोळा वर्षं त्या शून्यासकट तिनंच काढली.

आता ठरवतं कोण ते सांगते. रायन श्रायबर नावाच्या, नुकतीच शाळा संपवलेल्या मुलानं अमेरिकेत मिनियापोलिसजवळच्या आईवडिलांच्या घरातून पिचफोर्क सुरू केलं. पुढे ते शिकागोला गेलं, मोठं झालं. त्यांची मोजपट्टी ०.० पासून १०.० पर्यंतची, दशांशासह. म्हणजे एकूण १०१ पायऱ्या. एवढ्या पायऱ्या वेगवेगळ्या ओळखू शकेल असा कान माणसाला नाही. परीक्षण लिहिणारा एक आकडा सुचवतो, संपादक त्यावर चर्चा करतात, आजवर कोणाला किती दिले ते आठवतात आणि आकडा पक्का होतो. त्यामुळे ६.४ आणि ६.८ मधला फरक पुष्कळदा गाण्यांतला नसतोच. एका खोलीत बसलेल्या पाच-सहा माणसांच्या त्या दिवसाच्या बोलण्यातला तो फरक असतो.

तरीही त्या आकड्याला वजन आहे, हे मी नाकारणार नाही. २००४ मध्ये कॅनडातल्या आर्केड फायर या बँडच्या पहिल्या पूर्ण अल्बमला, ‘फ्युनरल’ला, ९.७ मिळाले आणि एका छोट्या कंपनीनं काढलेला तो अल्बम बघता बघता सगळीकडे पोचला. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या एकट्याच्या पहिल्या अल्बमला ०.० मिळाला. त्या शून्यानं त्याच्या वाटचालीचं मोठं नुकसान केलं. एखादा अल्बम मला रटाळ वाटू शकतो, पण चार माणसांनी वर्षभर खपून केलेल्या कामात ‘काहीच नाही’ असं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. शून्य हा अभिप्राय नाही. ती शिक्षा आहे.

पण म्हणून पिचफोर्क वाचू नकोस असं नाही. २०१५ मध्ये ते काँडे नास्ट या मोठ्या मासिक कंपनीनं विकत घेतलं, २०२४ च्या जानेवारीत ते ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन करत असल्याचं जाहीर झालं आणि जुन्याजाणत्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. कारण आकड्याखाली जो हजारभर शब्दांचा मजकूर असतो, तो लिहिणारी माणसं फार थोडी आहेत. तू आकडा हातानं झाक आणि मजकूर वाच. ‘ढोल फार मागे ठेवलेत’, ‘गाणारीचा आवाज मुद्दाम कोरडा ठेवलाय’ अशी वाक्यं सापडतील. ती घेऊन परत ऐक. आपल्याला जे नुसतं ‘भारी’ वाटत होतं ते कशामुळे, हे कळायला लागतं. तुझ्या रूममेटला सांग, सलग तीनदा ऐकणारा कान कच्चा नसतो.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक आहे. मुलानं मेटाक्रिटिक नावाचं संकेतस्थळ दाखवलं. तिथे अल्बमला शंभरपैकी गुण असतात आणि ते अनेक समीक्षकांची सरासरी असल्याचं सांगतात. एका माणसाच्या मतापेक्षा सरासरी बरी, असं माझं मत. चूक आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सर, सरासरी कशाची काढली आहे हे तुम्हीच आम्हाला आधी विचारायला शिकवलंत.

मेटाक्रिटिक २००१ पासून आहे. वेगवेगळ्या ठिकाणची परीक्षणं गोळा करायची, प्रत्येकाला शंभराच्या मापात बसवायचं आणि सरासरी काढायची, ही त्यांची पद्धत. पाचपैकी तीन तारे म्हणजे ६०, इथवर ठीक. पण काही समीक्षक अक्षरी श्रेणी देतात. रॉबर्ट क्रिस्टगाऊ हे न्यूयॉर्कचे समीक्षक १९६९ पासून अशा श्रेणी देत आले. तिथे ‘बी प्लस’चे ८३ होतात आणि ‘ए मायनस’चे ९१. ज्या परीक्षणाला आकडा किंवा श्रेणी काहीच नाही, त्याला मेटाक्रिटिकची माणसं मजकूर वाचून स्वतः गुण देतात. शिवाय काही प्रकाशनांना जास्त वजन असतं, आणि कोणाला किती ते सांगत नाहीत. तुमच्या वर्गात एखाद्या मुलानं अशी रीत लिहिली असती तर तुम्ही पायऱ्या दाखवायला लावल्या असत्या.

पण माझी खरी अडचण दुसरीच आहे. एका अल्बमला चार समीक्षकांनी ७५, ७५, ७५, ७५ दिले. दुसऱ्याला १००, १००, ५०, ५०. सरासरी दोन्हीकडे ७५. मी डोळे मिटून दुसरा उचलेन. ज्याच्यावरून जाणती माणसं भांडली, त्यात काहीतरी जिवंत असणार. पहिला बहुतेक कोणाला त्रास न देणारा, नीटनेटका अल्बम असेल आणि दिवाळीपर्यंत विसरलेला असेल. तेव्हा मुलाला सांगा, मोठा आकडा सोडून खालची यादी उघड आणि सगळ्यात वरचं व सगळ्यात खालचं अशी दोन परीक्षणं वाच.

प्रश्न : माझी नात यूट्यूबवर एका टक्कल असलेल्या, चष्मा लावणाऱ्या अमेरिकन गृहस्थांना ऐकते. ते म्हणतील ते अल्बम चांगले, बाकीचे टाकाऊ. आम्ही दर बुधवारी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला ऐकायचो. कुठलं गाणं कितव्या पायदानावर यावर पैजा लागायच्या. हे नवं प्रकरण त्यातलंच का? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, नमस्कार. ते गृहस्थ म्हणजे अँथनी फँटॅनो. ‘द नीडल ड्रॉप’ हे त्यांचं चॅनेल, कनेटिकट राज्यातून चालतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून एका अल्बमवर दहा-बारा मिनिटं बोलायचं आणि शेवटी दहापैकी गुण सांगायचे. गुण सांगतानाही ‘हलकासा सात’, ‘भक्कम सात’ असं म्हणतात. म्हणजे दशांश नको म्हटलं तरी मधल्या छटा सांगायची गरज त्यांनाही पडतेच. फार आवडलेल्या अल्बमच्या वेळी पिवळा चौकड्यांचा शर्ट, अजिबात न आवडलेल्याला लाल. नातीला विचारा, ती शर्टावरूनच निकाल सांगेल.

पण हे गीतमालेतलं नाही. १९५२ मध्ये सुरू झालेली गीतमाला रेकॉर्डांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांच्या आधारावर चालायची. लोकांना काय आवडतंय याची ती मोजदाद होती. सायानीसाहेब आपल्या गोड आवाजात निकाल सांगायचे, पण निकाल लोकांचा. फँटॅनो सांगतात ते एकट्याचं मत. त्याची मुळं आपल्याकडे शोधायची तर ती केशवराव भोळ्यांच्या लेखनात सापडतील. भोळ्यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावानं आपल्या काळातल्या गवयांवर लिहिलं. कोणाचा आवाज कसा लागतो, तान कुठून उचलतो, कुठे उगाच लांबवतो, सगळं. स्वतः ‘प्रभात’च्या चित्रपटांना संगीत देणारा माणूस तो, त्याला एकेका सुराची किंमत ठाऊक होती. गुण एकालाही दिले नाहीत.

नातीचं एका माणसावर एवढं अवलंबून राहणं मला थोडं खटकतं. त्यासाठी तिला एक उदाहरण द्या. २०१० मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टचा ‘माय ब्यूटिफुल डार्क ट्विस्टेड फँटसी’ आला. पिचफोर्कनं दिले १०.०. फँटॅनोंनी दिले ६. दोघांनी ऐकला तोच अल्बम, त्याच महिन्यात. यात कोणी खोटं बोललं नाही. माझा स्वतःचा अनुभव असा की समीक्षक बरोबर आहे की चूक यापेक्षा तो आपल्यापासून किती आणि कुठल्या बाजूला सरकलेला आहे हे कळणं कामाचं. तिला तोंडपाठ असलेले तीन अल्बम तिनं घ्यावेत आणि त्यांवर हे गृहस्थ काय म्हणाले ते ऐकावं. समजा तिला संथ गाणी प्रिय आहेत आणि ते संथ गाण्यांना कंटाळतात असं दिसलं, तर इथून पुढे ‘रेंगाळलेला अल्बम’ असं ते म्हणाले की तिनं तो जरूर ऐकावा. नावडत्या समीक्षकाचाही असा उपयोग होतो. तुम्हीही एखादा अल्बम तिच्याबरोबर बसून ऐका. मग तिला तुमच्या काळातली एखादी एलपी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवा, मधे फोन न बघता.

प्रश्न : तुमचं सदर इथे नियमित वाचते. तुम्ही दर महिन्याला नवे अल्बम सुचवता, पण तारे किंवा गुण कधीच देत नाही. दिलेत तर आम्हाला पटकन निवडता येईल. वेळ कमी असतो हो! (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात आणि एकेका शुक्रवारी इतके येतात की नुसती नावं वाचायला अर्धा तास लागतो. पण मी गुण देत होते. पाच वर्षं दिले. ते का सोडलं ते सांगते.

२०१२ ची गोष्ट. मुंबईतल्या एका संकेतस्थळासाठी मी परीक्षणं लिहायचे. सोमवारी दुव्यातून अल्बम यायचा, गुरुवारी रात्रीपर्यंत सहाशे शब्द आणि दहापैकी गुण द्यायचे. मोठ्या नावांच्या बाबतीत तर एवढीही सवड राहिलेली नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकन गायिका बियॉन्सेनं काहीही न सांगता मध्यरात्री अख्खा अल्बम बाजारात आणला आणि समीक्षक बाकीच्या जगाबरोबरच पहिल्यांदा ऐकायला बसले. मला निदान चार दिवस मिळत. त्यांतला ऐकण्याचा वेळ म्हणजे डोंबिवली ते सीएसएमटी लोकल, जाताना एकदा, येताना एकदा.

पुण्याच्या चार मुलांचा पहिला अल्बम होता. स्वतःच्या पैशांनी केलेला. मी दोनदा ऐकला, दोन्ही वेळा दाराजवळ उभी राहून, साध्या इअरफोनवर. लिहिलं, ‘चाली चांगल्या आहेत, पण खालची बाजू पोकळ वाटते.’ गुण दिले ५.५.

पावसाळ्यात एका रविवारी घरी एकटी होते. वडिलांच्या जुन्या स्पीकरांची वायर बदलून घेतली होती, ते तपासायला हाताशी होता तो अल्बम लावला. पाचव्या गाण्यात मुलगा ओळ संपवतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात बास गिटार तीच ओळ खालच्या पट्टीत, एक मात्रा उशिरा म्हणते. जणू कोणी मोठं माणूस बाजूच्या खोलीतून ‘हो, हो’ म्हणतंय. प्रत्येक कडव्याला ते उत्तर थोडं लांबत जातं. अख्खं गाणं त्यावर उभं होतं. आणि लोकलमध्ये मला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण रुळांची घरघर नेमक्या त्याच खालच्या सुरांना गिळते. ती बाजू पोकळ नव्हती. मीच ती ऐकली नव्हती.

संपादकांना फोन केला, आकडा बदलायची विनंती केली. ते म्हणाले, छापलेला गुण बदलायला लागलो तर उद्या प्रत्येक बँड दारात उभा राहील. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. मी आणखी चार वर्षं तिथे लिहिलं, पण प्रत्येक आकडा टाइप करताना हात अडायचा. शेवटी सोडलं. आता अल्बम घरी, स्पीकरवर, निदान तीनदा ऐकल्याशिवाय इथे एक ओळही लिहीत नाही. त्यामुळे महिन्याला चारच होतात. पटकन निवडायचं असेल तर प्रत्येक शिफारशीतलं पहिलं वाक्य वाचा. अल्बम कानाला कसा लागतो तेवढंच मी त्यात लिहिते.

त्या बँडच्या बास वाजवणाऱ्या मुलाचा पत्ता काढून मी त्याला पत्र पाठवलं होतं. झालं ते सगळं लिहिलं, माफी मागितली. आठवड्यानं त्याचा मेल आला. मजकूर काही नव्हता. पाचव्या गाण्यातली नुसती बास वेगळी काढलेली फाईल होती, चार मिनिटांची. अजून माझ्याकडे आहे. नवे स्पीकर घेतले की आधी तीच लावते.