‘सायन्समध्ये नव्वद पडायचे हो त्याला!’

“मॅडम, तिकडे सायन्समध्ये नव्वदच्या खाली कधी आला नाही. इथे लॅपटॉपसमोर नुसता बसून असतो. कॅमेरा बंद, माइक बंद. आळशी झालाय का हो?”

अमेरिकेत नव्याने आलेल्या आयांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकलाय. त्यातलीच ही एक गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून. मी न्यू जर्सीत शाळकरी मुलांचं समुपदेशन करते. हे कुटुंब जानेवारी २०२० मध्ये सोलापूरकडून आलं. मुलगा आठवीतला, मराठी माध्यमाचा. वर्गातले चेहरे ओळखीचे होताहेत तोवर १८ मार्चला राज्यातल्या शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर गेला.

सुरुवातीला मी चुकलेच. वेळापत्रक आखून दिलं, गृहपाठ झाला की अर्धा तास गेम, असं ठरवलं. आठवडाभर चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी ताईंना, म्हणजे त्याच्या आईला, खोलीबाहेर थांबायला सांगून त्याच्याशी एकट्याशी मराठीत बोलले. सायन्सच्या एका तासाला बाई म्हणाल्या होत्या, ‘व्हॉल्यूम बघा’. याने स्पीकरचा आवाज वाढवला. बाई मोजपात्रातल्या पाण्याच्या आकारमानाबद्दल बोलत होत्या. वर्गात असता तर शेजारच्याच्या वहीत डोकावून सावरला असता. पडद्यावर शेजारी कुठला? कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, पण कॅमेरा बंद झाला तो त्या दिवसापासून.

“पण इंग्रजी येतं की त्याला, दुकानात बोलतो सगळं,” ताई म्हणाल्या. टोरोंटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक फार पूर्वी मांडलाय: बोलण्यापुरती भाषा एक-दोन वर्षांत येते, अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. ताईंना हे ऐकून धीर आला की धसका बसला, मला आजही सांगता येणार नाही.

वाट सापडली ती स्वयंपाकघरात. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “तुमचं दही लागतं का हो इथे? माझं दुसऱ्या दिवशीही पातळच.” मी म्हटलं, चिरंजीवांना विचारा. दूध एकच, तीन वाट्या, प्रत्येकीत चमचाभर विरजण. एक ओट्यावर, एक फ्रीजमध्ये, एक बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून. दर दोन तासांनी वाटी कलती करून फोटो. ओव्हनमधलं रात्रीपर्यंत घट्ट लागलं, ओट्यावरचं कसंबसं, फ्रीजमधलं दूध ते दूधच.

“आता शास्त्रीय कारण लिही,” मी म्हटलं. हे तर त्याच्या हातचं! लॅक्टोबॅसिलस, त्यांना लागणारी ऊब, लॅक्टिक आम्ल, दुधातली प्रथिनं गोठणं, सगळं मराठीत भराभर सहा ओळींत.

त्या सहा ओळी वाचताना मला खरं दुखणं कळलं. इथल्या बाई प्रत्येक उत्तरात तीन गोष्टी मागत: दावा, पुरावा, कारण. आपल्या ‘शास्त्रीय कारणे लिहा’मध्ये दावा प्रश्नातच छापलेला असतो आणि पुरावा कोणी मागत नाही. म्हणजे हा पठ्ठ्या थेट तिसऱ्या पायरीवर उभा राहत होता. बाईंना उत्तर अर्धवट वाटे. याला कळेना, सगळं बरोबर लिहूनही गुण जातात कुठे. अशात उमेद कशी टिकणार? त्याला सांगितलं, तुझं कारण पक्कं आहे, फक्त वरती वाट्यांचे फोटो आणि वेळा जोड.

बाईंना लिहायला मात्र आई-वडील तयार नव्हते. मदत मागितली तर मुलाला कच्चा समजतील, ही भीती. मी त्यांना १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला सांगितला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक मुलांच्या त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, न समजणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखंच शिकवलं म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. शेवटी पत्र गेलं: आधी मराठीत लिहून मग इंग्रजीत आणू द्या, तोंडी उत्तराऐवजी चॅटमध्ये चालू द्या, पुढच्या धड्यातले शब्द दोन दिवस आधी द्या. बाईंनी तिन्ही मान्य केलं, वर विचारलं, ‘विरजण’ म्हणजे काय? त्याने चॅटमध्ये दोन ओळींत उत्तर दिलं. त्या वर्गातलं त्याचं ते पहिलं वाक्य.

जूनमध्ये शाळा संपली तेव्हाही कॅमेरा बंदच होता. ताईंना ते खुपत होतं. मी म्हटलं, राहू दे.