इंजिनाआधी जोडण्या बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. हवेत पॉवर्ड पॅराशूटचं, म्हणजे पॅराशूटखाली इंजिन-पंखा लावून उडवायच्या तुझ्या गाड्याचं, इंजिन बंद पडलं तर काय, ही तुझी काळजी याही पत्रात आहे. काळजी रास्तच, पण सगळी तिथेच खर्च करू नकोस.

टू-स्ट्रोक इंजिन कधी ना कधी दगा देणार, हे धरूनच चालायचं. रोटॅक्स 582 या टू-स्ट्रोक इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग असतात, तरी ते केव्हाही बंद पडू शकतं असं खुद्द कंपनीच पुस्तिकेत बजावते. पण पॉवर्ड पॅराशूटचं इंजिन थांबलं तरी कॅनपी, म्हणजे वरची कापडी छत्री, हवेनं भरलेलीच राहते. 100 मीटरवरून साधारण 300 मीटर पुढे जाऊन उतरता येतं, वारा समोरून असेल तर त्याहून कमी. तेवढ्या टप्प्यात मोकळं रान हवं. म्हणून कराडकडच्या उभ्या उसावरून कमी उंचीनं उडत जाऊ नकोस; शेतपंपांच्या तारा वरून दिसत नाहीत.

रायझर, म्हणजे कॅनपीच्या दोऱ्या जिथे एकत्र येतात तो पट्टा, सांगाड्याला जोडणारी क्विक लिंक (नटानं बंद होणारी धातूची कडी) निसटली, तर मात्र सावरायला काही उरत नाही. कंपनं नट सैल करतात. रोज बोटानं फिरवून बघ. एक आटा जरी उघडा दिसला, तरी लिंकची ताकद घटलेली असते, त्या दिवशी तिच्यावर विसंबायचं नाही. नट आधी हातानं पूर्ण बसव, मग पान्यानं हलकाच आवळ. जोर लावून पिळलास तर आटेच खराब होतील.

तसंच सायलेन्सरच्या स्प्रिंगांचं. पंखा मागे असल्यानं तुटलेली स्प्रिंग थेट त्यात जाते आणि पातं फुटतं. फुटलेल्या पात्याचा तुकडा दोऱ्यांपर्यंत पोचू शकतो. स्प्रिंगांना सेफ्टी वायर बांधतात ती त्यासाठीच. ती गंजलेली दिसली की लगेच बदल. दोऱ्या चिमटीतून सरकवत बघ, आवरण कुठे फुगलंय का ते बोटांना आधी कळतं. आणि कॅनपी उन्हात पसरून चहाला जाऊ नकोस, ऊन नायलॉनला खातं.

मला सगळ्यात भीती वाटते ती घाईची. गावातली माणसं जमतात, मोबाइल वर होतात, कुणीतरी हाक मारतं आणि तपासणी मध्येच तुटते. अशा वेळी जिथे थांबलीस तिथून पुढे नाही, पहिल्या नटापासून पुन्हा सुरू कर. लोक कंटाळून गेले तर जाऊ देत.

साताऱ्याला येशील तेव्हा तुझ्या लिंका काढून सोबत आण. आटे भिंगाखाली बघू, आणि शंका आली तर नव्याच घेऊ.

तुझा,
काका