गावातल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला 5 टॅब मिळतायत, कोणती ॲप टाकू?

ॲपचं नंतर, आधी पोरं त्यावर काय करणार ते ठरवा. नुसते व्हिडिओ लावून बसवायचं असेल तर टॅब घेऊच नका.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, सगळी कपाशी. समाजमंदिरात पाचवी ते आठवीची पोरं घेऊन बसतो मी. पोरांच्या हातात माझा जुना फोन दिला तर शाळा समितीतले एक काका भर सभेत म्हणाले, "लेकरायले पाढे येत नाही अन् मोबाईल काय धुऊन पेता काय?" ते मला अजून लागते.

त्या हंगामात शाळेमागच्या वावरात बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून अडकवणारे) लागले होते, एकरी 2. पोरं सकाळी शाळेत येता येता त्यातले पतंग मोजायची, डोमकळी (अळी लागल्याने न उमलता मिटून राहिलेलं फूल) दिसली की फोटो काढायची आणि संध्याकाळी आकडे फोनवर शीटमधे भरायची. दोन सापळ्यांत 14, मग एका सापळ्यामागे किती? सरासरी हा शब्द मी उच्चारलाही नव्हता, सातवीच्या पोरीने काढून दाखवली. मग आलेखात 8 वर लाल रेघ मारली, कारण सापळ्यामागे रोज 8 पतंग असे लागोपाठ 3 दिवस आले की फवारणीचं पाहावं लागते. तिसऱ्या दिवशीही आकडा रेघेच्या वर, तशी ती पोरगी फोन घेऊन धावतच वावरवाल्याकडे गेली. 2017 च्या बोंडअळीत उभी पऱ्हाटी उपटलेला माणूस तो, बांधावर उभा राहून कितीतरी वेळ तो आलेख पाहत होता. पाढे मीही पाठ करून घेतो हो, पण पाढा कशासाठी ते पोरांना त्या दिवशी कळलं.

ॲप म्हणाल तर रेंज नसेल तिथं कोलिब्री (Kolibri), म्हणजे धडे-व्हिडिओ साठवून दाखवणारं ॲप, एका लॅपटॉपवर एकदा भरून ठेवलं की इंटरनेट नसलं तरी वायफायवरून टॅबवर चालते. अपूर्णांकासाठी फेटची (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायचे प्रयोग, मराठीतही आहेत. टॅब खराब होतील म्हणून कपाटात कोंडू नका, पडून पडूनच बॅटरी जाते.

आणि हे आधीच सांगायला पाहिजे होतं, फवारलेल्या वावरात पोरं अजिबात पाठवू नका, 2017 मधेच आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. फवारा झाला की आमची मोजणी बंद.

तो आलेख छापून समाजमंदिराच्या भिंतीवर लावलाय, समितीची सभा तिथंच होते.